मोठ्या मत्स्यपेटीची गाळणी

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे अहिल्यानगर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि सहलीला गेलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी तेथील मासे डोळे भरून पाहिले. तसे काही आपल्या शाळेत वा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात असावे, ही इच्छा स्तुत्यच आहे. मात्र खरेदीच्या वेळी चर्चा होते ती काचेची, दिव्यांची आणि माशांच्या रंगांची. गाळणीचा विचार उरलेल्या पैशांत होतो, आणि मासे दगावतात ते त्यामुळेच.

उजनी जलाशयाच्या परिसरात 'चिलापी' या नावाने विकला जाणारा तिलापिया आपल्या कर्जत-श्रीगोंद्याकडील मंडळींना अपरिचित नाही. मूळचा आफ्रिकेतील हा मासा १९५२ साली भारतात आला. त्याचे कूळ सिक्लिड; शोभेचा ऑस्कर मासाही त्याच कुळातला. मोझांबिक तिलापियाची मादी अंडी तोंडात धरून उबवते. विद्यार्थ्यांना दाखवावे असेच हे दृश्य आहे. परंतु हे मासे खादाड, दांडगे आणि उकरण्याची खोड असलेले. वाळूखाली बसवायची स्वस्त गाळणी त्यांच्यापुढे टिकत नाही. वाळू उकरून ते जाळी उघडी पाडतात.

गाळणीचे काम पाणी नितळ करणे एवढेच आहे, असा सर्वसाधारण समज आहे. मी कला शाखेचा पदवीधर. माझाही तोच समज होता. वस्तुतः माशांच्या उत्सर्गातून अमोनिया निर्माण होतो व तो दिसत नाही. गाळणीतील स्पंज व खापऱ्यांवर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी पेटी माशांनी भरू नये. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास अधिक जपावे. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश सुमारे दसपट होतो.

एका दिवाळीत मी घरच्या गाळणीचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने जिवाणू मेले आणि चौथ्या दिवशी दोन्ही ऑस्कर गेले. स्पंज धुवावा तो पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, आणि तोही अर्धाच. उरलेला पुढच्या खेपेस.

आता निवडीविषयी. पाच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पेटीत सुमारे ५६५ लिटर पाणी मावते. ते सारे पाणी तासाला चार-पाच वेळा गाळणीतून फिरावे. बंद डब्याची कॅनिस्टर गाळणी दिसावयास सुबक असते; पण वीज काही तास गेली की आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरतात आणि वीज येताच ते नासलेले पाणी पेटीत शिरते. त्यापेक्षा पेटीखाली दुसरी उघडी टाकी, म्हणजे सम्प, आपल्याकडे अधिक भरवशाची. ती उघडी असल्याने हवा मिळते, शिपायालाही साफ करता येते आणि तीत विटांचे धुतलेले तुकडे घातले तरी भागते. मात्र पंप थांबताच वरचे थोडे पाणी खाली उतरते. तेवढी जागा टाकीत रिकामी ठेवावी, नाहीतर वाचनालयाची फरशी भिजेल! एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप घ्यावेत. एक बंद पडला तरी दुसरा चालतो. जोडीला बॅटरीवर चालणारा हवेचा पंप व स्पंज गाळणी असावी.

एका शाळेत ही सारी सिद्धता होती, तरी आठवड्याभरात मासे मेले. कारण शोधले तेव्हा कळले, की सायंकाळी शाळा सुटताच नियमानुसार मेन स्विच बंद केला जाई. शिपायाने आपले काम चोख केले होते. म्हणून पेटीचे अंदाजपत्रक करताना पहिली रक्कम मीटरपासून येणाऱ्या स्वतंत्र वायरीसाठी धरावी, आणि उन्हाळ्याच्या सुटीत पेटीकडे कोण पाहणार, त्याचे नाव ठरावातच लिहावे.