अरुंद फटीची रुंदी प्रकाशाने मोजणे
(परतूर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



प्रकाश सरळ रेषेत जातो असे आपण शिकवितो, आणि व्यवहारापुरते ते योग्यच आहे. परंतु फट केसाइतकी अरुंद केली की तिच्यातून गेलेला प्रकाश दोन्ही बाजूंस पसरतो. फट जितकी अरुंद, तितका पसारा मोठा. यास विवर्तन म्हणतात. इटलीतील ग्रिमाल्डीने ते प्रथम वर्णिले; त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६५ साली निघाला. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा पहिला निबंधही आयताकृती छिद्राच्या विवर्तनावरच होता. तो १९०६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील विद्यार्थीच होते.

आपणांस प्रयोगशाळा नको. दाढीच्या दोन पात्यांच्या धारा समोरासमोर आणाव्यात, मध्ये जाड कागद उभा धरून त्या त्यास भिडवाव्यात, पाती पुठ्ठ्याच्या खिडकीवर चिकटवावीत आणि कागद काढून घ्यावा. हे काम शिक्षकानेच करावे. लाल लेसरही त्याच्याच हाती असावा; त्याचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर, किंवा चकाकणाऱ्या वस्तूवर, जाता कामा नये.

अंधाऱ्या खोलीत फटीपासून ३ मीटरवरील भिंतीवर पांढरा कागद लावा. मधोमध रुंद, तेजस्वी पट्टा दिसेल. त्याच्या दोन्ही अंगांस लहान व फिकट पट्टे, आणि त्यांच्यामध्ये काळ्या जागा. फटीच्या एका अर्ध्या भागातून आलेल्या लाटा दुसऱ्या अर्ध्या भागातील लाटांस जेथे नेमक्या मारतात, तेथे पहिली काळी जागा पडते. काळ्या जागांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात.

मुले बहुधा चुकतात ती येथे. मधला पट्टा इतरांच्या दुप्पट रुंद असतो. त्याची रुंदी एकच घर धरली, तर उत्तर निम्मे येते. म्हणून डावीकडील तिसऱ्या काळ्या खुणेपासून उजवीकडील तिसरीपर्यंत मोजून सहाने भागावे. समजा ११७ मिलिमीटर भरले, तर एक घर १९.५ मिलिमीटरचे. लाल प्रकाशाची तरंगलांबी ०.०००६५ मिलिमीटर. तिला ३००० ने गुणून १९.५ ने भागले की फट ०.१ मिलिमीटर निघते.

आता त्याच कागदाचे शंभर ताव दाबून मोजावेत. जाडी १० मिलिमीटरच्या आसपास भरली, तर प्रकाशाची आणि फूटपट्टीची साक्ष एक झाली. परीक्षेत विवर्तनाची व्याख्या लिहूनही गुण मिळतात, हे मला ठाऊक आहे. पण हे जुळणे मुलाने स्वतः पाहावे, असे मला वाटते. मात्र उत्तर ०.१००० असे लिहू देऊ नये. पुष्कळ लेसरांवर ६३० ते ६८० नॅनोमीटर असा पल्लाच छापलेला असतो; तेवढ्यानेच उत्तर ०.०९७ ते ०.१०५ पर्यंत सरकते.

फटीऐवजी केस ताणून धरला, तरी काळ्या जागा तशाच पडतात व हाच हिशेब चालतो. आपल्याकडची मुले कपाशीचा तंतूही घेऊन येतील. तो केसाहून पुष्कळ बारीक, शिवाय चपटा व पिळलेला असतो; त्याचे पट्टे फार दूर, फिकट आणि वेडेवाकडे पडतात. तो शेवटी घ्यावा.