मात्रेचे महत्त्व



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी कलाशाखेचा पदवीधर व पेशाने सरकारी अधिकारी. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा दावा नाही. परंतु जे अधिक प्रमाणात घातक, तेच अल्प प्रमाणात उपकारक ठरू शकते, हा विचार भिलाईकरांच्या नित्य अनुभवातला असल्याने तो येथे मांडतो.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नवख्या माणसाला अशा भट्टीच्या धगीत एकदम दिवसभर उभे केले, तर उष्माघाताने त्याचा जीवही जाऊ शकतो. मात्र पहिल्या दिवशी थोडा वेळ, दुसऱ्या दिवशी त्याहून अधिक, असा क्रम ठेवला तर एकदोन आठवड्यांत शरीर पालटते. घाम लवकर व अधिक येऊ लागतो, त्यावाटे क्षार कमी जातात, आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके पूर्वीहून कमी पडतात. हे सामर्थ्य कायमचे नव्हे. काही आठवडे धगीपासून दूर राहिल्यास ते ओसरते. म्हणून लांबच्या रजेवरून परतलेल्या अनुभवी कामगारानेही पुन्हा बेतानेच आरंभ करावा.

१८८८ साली जर्मनीत ह्यूगो शुल्ट्झ यांना असे आढळले की, यीस्टला मारक ठरणारी विषे अत्यल्प प्रमाणात घातली असता आंबण्याची क्रिया उलट वाढते. १९४३ साली साउथॅम व एर्लिक या अमेरिकन संशोधकांनी अशा प्रकाराला ‘हॉर्मेसिस’ हे नाव दिले. आपल्या चरकसंहितेनेही, युक्तीने योजलेले तीक्ष्ण विष उत्तम औषध होते, असे सांगून ठेवले आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांना सर्पविष क्रमाक्रमाने वाढत्या मात्रेत टोचून त्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील औषध तयार करीत. तेथील प्रतिकारशक्तीची प्रक्रिया निराळी खरी; पण क्रम आणि मात्रा यांचे महत्त्व तेथेही तितकेच.

यावर कोणी म्हणेल, “मग रोज थोडी तंबाखू खाल्ली तर काय बिघडले?” बिघडते! प्रत्येक विषाला हा न्याय लागू पडत नाही. तंबाखूची निर्धोक मात्रा नाही. मुलांच्या शरीरात जाणाऱ्या शिशाचीही नाही. ज्या ताणाला शरीर उत्तर देऊ शकते, तोच हितकर. आणि तोही पाणी, आहार व विश्रांती यांची जोड असेल तरच. वृद्धांनी व हृदयविकार असलेल्यांनी तर वैद्यांच्या सल्ल्यावाचून असले प्रयोग करूच नयेत.

मुलांच्या बाबतीत आपण पालकांनी याचा विचार करावयास हवा. कूलरच्या खोलीत दिवसभर जपलेले मूल सुखी दिसते, पण सशक्त होतेच असे नाही. भर दुपारच्या उन्हात त्याला कोणी पाठवू नये. परंतु सकाळ-संध्याकाळ मैदानावर धावून घाम गाळू द्यावा, शाळेत चालत जाऊ द्यावे, लहानसहान अडचणी त्याच्या त्यालाच सोडवू द्याव्यात.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. मात्र घाव किती घालावा, हे जाणणारा तोच खरा पाथरवट. आपल्या घराघरांत तो विवेक नांदो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.