अर्धी राहिलेली वाकळ

आज मला देवावर बोलायला सांगितलंय. गटाच्या बैठकीत मी हप्त्यावर आणि व्याजावर पुष्कळ बोलते, पण देवावर बोलायची मला सवय नाही. त्यातून मी ख्रिस्ती, आणि ऐकणाऱ्या तुम्ही बहुतेक जणी वारीला जाणाऱ्या, नाहीतर माहूरच्या रेणुकामातेच्या. कुणाला काही पटवायला मी बसलेली नाही. माझ्या मनात देव कसा दिसतो, तेवढंच सांगते.

लहानपणी देव मला ऊसतोडीच्या मुकादमासारखा वाटायचा. हातात वही, कोण आलं, कुणाचा खाडा, कुणाची उचल किती राहिली, सगळं लिहून ठेवणारा. रविवारी उपासनेला जायचं ते खाडा पडू नये म्हणून. हे चित्र बदललं माझ्या मावशीनं.

मावशी किल्लारीजवळच्या एका गावात राहायची. शाळेत गेलेली नव्हती, पण वाकळ शिवावी तर तिनंच. जुनी लुगडी, धोतरं, लेकरांची झबली अंगणात पसरायची, कुठला तुकडा कुठं हे ठरवायला अर्धा दिवस घालवायची आणि मग धावदोरा घालत बसायची. हातभर काम झालं की उठायची, चार पावलं मागं सरायची आणि बघत उभी राहायची. मी एकदा विचारलं, "मावशी, बघतीस काय? शिव की." ती म्हणाली, "देवानं उजेड केला, जमीन केली, झाडं केली, तवा त्यानंबी थांबून बघितलंच की. बरं झालंय म्हणाला. मग मी बघू नको?"

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानावरची ही गोष्ट मी कितीदा ऐकली होती. पण देव थांबून बघतो, याकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. मुकादम मोजतो, बघत नाही. ज्यानं हातानं काही केलंय तोच असा मागं सरून बघतो. त्या दिवसापासून माझ्या मनातल्या देवाच्या हातातली वही गेली.

पुढं स्वतः वाचायला लागल्यावर निर्गमाच्या पुस्तकात मला एक जागा सापडली. रानात देवासाठी तंबू उभारायचा असतो. त्या कामासाठी देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्यानं भरतो. सोनं-चांदी घडवणं, लाकूड कोरणं, विणणं, ही सगळी अक्कल त्याला देवाकडून मिळते. आणि तिथंच बायकाही आहेत. हाताच्या कुशल बाया निळं, जांभळं, किरमिजी सूत कातून आणतात, काही जणी बकरीचे केस कातून देतात. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि मावशीची आठवण काढत किती तरी वेळ बसून राहिले. आपल्या किनवटकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बाया आरसे-कवड्या टाकून कापड भरतात, तेव्हाही मला हीच जागा आठवते.

आता एका चित्रकाराचं सांगते. गोव्यात १९०२ साली आंजेलो द फोन्सेका नावाचे चित्रकार जन्मले. शांतिनिकेतनात शिकले. त्यांनी येशूची आई मरिया साडीत काढली, आपल्याकडच्या बायकांसारखी. गोव्यातल्या पुष्कळ ख्रिस्ती लोकांना ते रुचलं नाही, कारण त्यांना गोऱ्या मरियेची सवय. फोन्सेका पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि १९६७ साली जाईपर्यंत तशीच चित्रं काढत राहिले. मला वाटतं, देव एकाच साच्यातनं माणसं काढत नाही, हे त्या माणसाला नेमकं कळलं होतं. असो.

माझी खरी अडचण पुढं आहे.

१९९३ साली अनंत चतुर्दशीच्या रात्री लोक गणपती बोळवून घरी आले आणि झोपले. ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. तुमच्यातल्या ज्या पन्नाशीच्या आसपास आहेत त्यांना मी काय सांगू? आमच्या घराची एक भिंत गेली. मावशीच्या घराचं काहीच राहिलं नाही. माळवदाखालून तिला काढलं तेव्हा अंगावर एक वाकळ होती, शिवायची अर्धी राहिलेली. सुई तशीच टोचलेली.

मी चौदा वर्षांची होते. शेजारच्या आक्का आमच्याकडं बसायला यायच्या. त्या तेरच्या, गोरोबाकाकांच्या गावच्या. एक दिवस मी त्यांच्यापुढं मावशीचं ते बोलणं काढलं, देव कारागीर आहे म्हणून. आक्का चिडल्या नाहीत, पण म्हणाल्या, "गोरोबाकाकांनी भजनाच्या नादात चिखलाबरोबर लेकरू तुडवलं, ते पांडुरंगानं परत दिलं. तुझी मावशी दिली का कुणी? कसला गं हा कारागीर, आपलंच मडकं फोडणारा?"

मला उत्तर देता आलं नाही. यिर्मयाच्या पुस्तकात कुंभाराची गोष्ट आहे. चाकावरचं मडकं बिघडतं, कुंभार माती टाकून देत नाही, तिचंच दुसरं भांडं घडवतो. भूकंपानंतर कुणीतरी आम्हाला हीच गोष्ट समजूत म्हणून सांगितली. मला तेव्हा फार राग आला आणि खरं सांगायचं तर आजही येतो. मावशी काही बिघडलेलं मडकं नव्हती. तिथं ती गोष्ट आहे एका राष्ट्राच्या चुकलेल्या वागण्याबद्दल. झोपलेल्या माणसांवर ती लावायचा अधिकार कुणाला आहे, असं मला वाटत नाही.

मग घरदुरुस्तीचा कार्यक्रम आला. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक म्हणून पुढं आल्या, त्यांत माझी आईही होती. तिनं घरी येऊन आम्हाला भिंत समजावून सांगितली. आपल्या दगडमातीच्या भिंती दोन अंगांच्या असायच्या आणि मधे नुसता भराव. दोन्ही अंगं धरून ठेवणारा आरपार दगड नसला की धक्क्यात एक अंग आत पडतं, एक बाहेर. आणि वर माळवदावर वर्षानुवर्षं चढवलेल्या मातीचं वजन. आई म्हणाली, "जमीन हलली ती हलली. पण तुझ्या मावशीवर पडली ती भिंत माणसानं बांधलेली." त्यानं माझं सगळं समाधान झालं असं नाही, कारण जमीन का हलावी हा प्रश्न उरतोच. पण हाताच्या अकलेला देव एवढी किंमत का देतो, ते मला त्या दिवशी थोडं कळलं. चांगला रचलेला कोपरा माणसाचा जीव वाचवतो.

आणि एक जागा मी धरून राहिले. लाजरस मरतो, त्याच्या बहिणी रडत असतात, येशू तिथं जातो आणि तोही रडतो. समजावत बसत नाही, आधी रडतो. आक्कांना मी हे पुढं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "रडला म्हणतीस? मग बरा हाय."

तुम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं नाव ऐकलं असेल, 'स्मृतिचित्रे'वाल्या. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना तो घाव होता, त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि पुढं स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरं केलं. नवऱ्यासारखं जमेल का, म्हणून त्या अडून बसल्या नाहीत.

मावशीची वाकळ आईनं धुऊन पेटीत ठेवली होती. आई गेल्यावर पेटी माझ्याकडं आली. तीन वर्षांखाली मी ती बाहेर काढली. मावशीचे टाके बारीक, सारख्या अंतराचे. माझे थोडे मोठे, काही ठिकाणी वाकडे. माझा दोरा कुठं सुरू होतो ते लांबूनही दिसतं. सुनेनं विचारलं, उसवून सगळी एकसारखी शिवायची का? मी नको म्हटलं. हातभर झालं की उठते, मागं सरते, बघते. आता दोन वीत काम राहिलंय. पावसाळी हवेत दोरा सरळ जात नाही आणि संध्याकाळी डोळेही साथ देत नाहीत, म्हणून दसऱ्यानंतर पुन्हा घेईन. तुमच्याकडं जुनं हिरवं लुगडं कुणाकडं पडून असेल तर बैठकीला घेऊन या. कडेला मावशीनं हिरवाच लावला होता, आणि माझ्याकडचा संपलाय.