पिवळा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो?



आज आपण गाडीतल्या एका दिव्याबद्दल बोलणार आहोत. हा काय बायकांचा विषय आहे, असं कुणी म्हणेल. पण आता कितीतरी गटांनी कर्ज काढून टेम्पो, व्हॅन घेतल्या आहेत. गाडी आपली, हप्ता आपला, मग तिचं दुखणंही आपल्याला कळायला नको का?

चावी फिरवली की समोर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. हे ठीक आहे. पण गाडी चालू असताना तो तसाच राहिला, तर समजायचं की गाडीतल्या संगणकाला इंजिनच्या कामात काहीतरी बिघाड दिसला आहे. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर माल पोचवून लवकर तपासणी करावी. दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. अशा वेळी बहुतेक करून पेट्रोल न जळताच धुराड्यात जात असतं आणि धूर शुद्ध करणारा महागडा भाग तापून निकामी होऊ शकतो. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा मात्र वेगळा. तो लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं.

आमच्या गटाकडे पेट्रोलवर चालणारी लहान मालगाडी आहे. गटातल्याच एक ताई ती चालवतात. पावसाळ्यात तिचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली, दिवा गेला. तीन दिवसांनी परत आला. दुसऱ्या खेपेला ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठवड्यात दिवा पुन्हा हजर! बिल भरलं, भाजीच्या दोन फेऱ्या बुडाल्या, हप्त्याची तारीख जवळ आली. गावात बोलणं सुरू झालं, "बाईच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं." बैठकीतही दोघीतिघी म्हणाल्या की पगारी पुरुष चालक ठेवू या. म्हणजे प्रश्न नुसता दिव्याचा राहिला नव्हता, एका ताईच्या रोजगाराचा झाला होता.

आम्ही ठरवलं, आधी कारण शोधायचं, मग माणसाबद्दल बोलायचं. ताईंनी वही घातली. दिवा कधी लागला, इंजिन गार होतं की गरम, माल किती होता, गाडी थरथरत होती का, रोज दोन ओळी. पंधरा दिवसांत एक गोष्ट उघड झाली. भरल्या मालासकट रस्त्यावर गाडी छान पळते, पण उभी असताना इंजिन थरथरतं.

ही वही घेऊन आम्ही तालुक्याच्या दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्टिअरिंगखालच्या खोबणीत तपासणी यंत्र लावलं. संगणक प्रत्येक बिघाडाला एक अक्षर आणि चार आकडे असा कोड देतो. आमचा कोड होता पी-०१७१. त्याचा अर्थ, मिश्रण पातळ. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली की मिश्रण पातळ होतं, भाकरीच्या पिठात पाणी जास्त पडावं तसं.

इथे नीट लक्ष द्या, भगिनींनो. धुरात ऑक्सिजन जास्त आहे, हे ऑक्सिजन सेन्सर सांगत होता. तो निरोप्या होता. निरोप्या बदलला म्हणून निरोप बदलत नाही. कोड हे दुखण्याचं लक्षण आहे, कुठला भाग बदला याची चिठ्ठी नव्हे.

मिस्त्रींनी यंत्रावर आणखी एक आकडा दाखवला. मिश्रण सावरायला संगणक स्वतःहून किती पेट्रोल वाढवतोय, तो आकडा. उभ्या गाडीत तो खूप चढलेला होता, इंजिनचा वेग वाढवल्यावर उतरला. पेट्रोल कमी येत असतं, म्हणजे फिल्टर तुंबला किंवा पंप थकला असता, तर वेग वाढल्यावर आकडा आणखी चढला असता. उतरला, म्हणजे कुठूनतरी चोरून हवा आत शिरतेय. हवेच्या वाटेत धूर सोडून पाहिलं, तर मागच्या बाजूच्या एका रबरी नळीतून धूर निघाला. नळी उंदरांनी कुरतडली होती! गाडी धान्याच्या खोलीला लागून उभी राहायची. नळी बदलायला सेन्सरच्या मानाने अगदी थोडा खर्च आला. नंतर कोड पुसला, गार इंजिनवर आणि भरल्या मालासकट आठवडाभर गाडी चालवून पाहिली. दिवा परतला नाही. उंदराने नळी खाल्ली यात चालवणाऱ्या हाताचा काय दोष? ताईच गाडी चालवतात, ते बैठकीत सगळ्यांच्या सहीनं लिहून ठेवलं आहे.

तुमच्या गटाची गाडी असेल तर एवढं करा. कोड पुसण्याआधी वहीत उतरवून घ्या. बॅटरीची वायर काढली की कोडही जातो आणि बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही जाते. बिघाड मात्र तिथेच राहतो. भाग बदलायला सांगितला तर विचारा, "दादा, हाच भाग खराब आहे हे कशावरून?" जुना भाग परत मागा, पावती घ्या. गाडी धान्यापासून, कडब्यापासून लांब लावा आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून नळ्या, वायरी बघा.

डिझेलची गाडी असेल तर आणखी एक. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. गाडी नुसती गावातल्या गावात हळू फिरली तर ती तुंबते. तिचा दिवा लागला की पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मोठ्या रस्त्यावर सलग चालवावी लागते.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीच्या वहीशेजारी गाडीची वहीही उघडा. दिवा लागला की आधी कारण विचारा, दोष कुणाला द्यायचा ते नंतर.