मर्टलचा एक टोमणा आणि नानीचे तीन दिवस

आज ‘लिलो अँड स्टिच’. २००२ चा, हाताने काढलेला. निळा स्टिच सगळ्यांनाच माहितीये, पण मला आज मर्टलबद्दल बोलायचंय.

मर्टल म्हणजे वर्गातली ती मुलगी. लाल केस, चष्मा, मागे तीन मैत्रिणी, आणि ही काही बोलली की तिघी एका सुरात ‘हो’ म्हणणार.

हवाईतल्या काउआई बेटावर हुला नाचाचा क्लास चाललाय. लिलो उशिरा येते, तीही ओलीचिंब. का? तर एका माशाला सँडविच द्यायचं होतं. तिच्या मते तो मासा हवामान सांभाळतो. मर्टल तिला वेडी ठरवते आणि लिलो सरळ तिच्यावर तुटून पडते. लहानपणी मी या सीनला खूप हसले होते. लिलोचे आई-बाबा पावसात गाडीच्या अपघातात गेले, हे पुढे कळतं. आता तो मासा आठवा.

यापुढचं मी एखादा बग शोधावा तसं मागून पुढे जोडत गेले. भांडण झालं, मुलींनी खेळायला घेतलं नाही, म्हणून लिलो एकटीच घरी गेली. आतून दाराला खिळे ठोकले, एल्व्हिसचं गाणं लावलं. मोठी बहीण नानी (नाव नानी, वय फक्त १९!) तिला शोधत धापा टाकत घरी पोहोचते, आणि नेमका तेव्हाच सरकारी समाजसेवक दारात. त्याला काय दिसतं? लहान मुलगी एकटी, शेगडी चालू. तो नानीला तीन दिवस देतो.

आई-बाबा दोघं असते तर हे भांडण रात्रीच्या जेवणापर्यंत मिटलं असतं. इथे मात्र ते फाइलमध्ये जातं. आणि मर्टलला याचा पत्ताही नाही! बाकीच्या सिनेमांत अशा मुलीची शेवटी फजिती होते, आपण टाळ्या वाजवतो. इथे तिची फजिती करून नानीचं काहीच सुटणार नाही. बरं, तो समाजसेवकही चुकीचा नाहीये.

२०२५ च्या नव्या सिनेमात नानी शेवटी शिकायला सॅन डिएगोला जाते, लिलो शेजारच्या टूटूकडे राहते. बरेच जण चिडले. मला नानीचं जाणं पटलं, पण जुन्यातला एक सीन जास्त लक्षात राहिलाय. त्याच रात्री लिलो नानीला सांगते, तू मला आईपेक्षा बहीण म्हणूनच जास्त आवडतेस. आणि लगेच खात्री करून घेते, तुलाही मी सशापेक्षा बरी वाटते ना?