मीटरमधला लाल दिवा काय सांगतो?

आम्ही चिखलदऱ्याच्या बचत गटातल्या बाया आज गाडीविषयी बोलणार आहोत. गाडी म्हटलं की ती ड्रायव्हरदादाची, असं आपण समजतो. पण स्ट्रॉबेरीच्या पेट्या आपल्या, पेशंट आपला आणि मागच्या सीटवर जीवही आपलाच. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर. परतवाड्याहून येताना चढ, जाताना उतार, आणि घाटात मोबाईलला सगळीकडे रेंज नाही. तेव्हा मीटरमधले दिवे आपल्यालाही कळले पाहिजेत. त्यासाठी इंग्रजी यावं लागत नाही, ती चित्रंच असतात.

आधी रंग पाहा. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. हिरवा किंवा निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, जसं इंडिकेटर, हेडलाईट.

तेलाच्या झारीचं लाल चित्र दिसलं, तर इंजिनात ऑईलचा दाब राहिलेला नाही. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. ‘परतवाडा जवळच आहे, जाऊ हळूहळू’ असं म्हणू नका. ऑईलशिवाय लोखंडावर लोखंड घासतं आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होतं. सपाटीवर पाच-दहा मिनिटं थांबून ऑईलची पट्टी पुसून बघा. कमी असेल तर भरा. ऑईल बरोबर असूनही दिवा जात नसेल, तर गाडी टोचन करून न्या.

पाण्यातल्या थर्मामीटरचं लाल चित्र म्हणजे इंजिन तापलं. जुनी गाडी, भरलेली, त्यात चढ, म्हणजे हे होणारच. थांबा, बंद करा, निदान अर्धा तास निवू द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका.

बॅटरीचा दिवा म्हणजे चार्जिंग होत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत एकच पट्टा चार्जिंगचं आणि पाण्याच्या पंपाचं काम करतो. पट्टा तुटला तर दिव्यामागोमाग इंजिनही तापतं. म्हणून काट्याकडेही लक्ष ठेवा.

गोलात उद्गारचिन्ह असेल तर आधी हँडब्रेक ओढलेला आहे का बघा. नसेल तर ब्रेक ऑईल कमी झालं असेल. दिवा फक्त वळणावर लुकलुकला तरी दुर्लक्ष करू नका. पायाखाली ब्रेक मऊ लागला, तर घाट उतरायचाच नाही. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारेही आहेत. त्यांना रोखा. इंजिन बंद झालं की ब्रेक जड होतो, पॉवर स्टेअरिंगही जड होतं. चढताना लागतो तोच गिअर उतरताना ठेवावा.

पिवळं इंजिनचं चित्र स्थिर असेल तर हळू चालवत मिस्त्रीकडे जा, स्कॅनर लावून घ्या. पेट्रोल गाडीत ते उघडझाप करत असेल आणि गाडी धक्के देत असेल, तर थांबा. बॅटरीची वायर काढून लावली की दिवा कधीकधी जातो, बिघाड मात्र तिथेच राहतो.

आता महत्त्वाचं. गट जुनी गाडी घेत असेल, तर इंजिन सुरू न करता चावी फिरवा. झारी, बॅटरी, इंजिन, हे दिवे लागलेच पाहिजेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही, तर बल्ब गेलेला असेल किंवा खोड लपवायला कुणी काढलेला असेल. आमच्या गटाने पाहिलेल्या एका गाडीत झारीचा दिवा लागलाच नाही. विकणारा म्हणाला, ‘ताई, किरकोळ आहे.’ आम्ही विसार दिला नाही. ती रक्कम बारा जणींच्या बचतीची होती.

पेशंट सोबत असताना गाडी अडली, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. रेंज असेल तिथून १०८ला फोन करा.

पुढच्या मासिक सभेला गाडी अंगणात उभी करा. चावी फिरवा आणि एकेकीने एकेका दिव्याचं नाव सांगा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावं.