मेंदूच्या आजारांचे संशोधन आणि आपला वाटा

(मनामा येथे मराठीभाषक कुटुंबांपुढे झालेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून घेतलेला मजकूर)



स्मृतिभ्रंश, कंपवात, पक्षाघात ही नावे आपल्या घरांत हलक्या आवाजात उच्चारली जातात. आजोबा ‘जरा विसराळू झाले आहेत’, असे म्हणून आपण विषय मिटवतो. या आजारांवरील संशोधनात रुग्णाचा आणि त्याच्या घरच्यांचा आवाज का असावा, हे आज मला सांगावयाचे आहे.

ज्या देशात आपण पोटापाण्यासाठी राहतो, त्या बहारीनने २०२० साली लोकसहभागाचे एक उदाहरण घालून दिले. कोरोनावरील सायनोफार्म लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्टमध्ये येथे सुरू झाली. प्रथम ६,००० स्वयंसेवक हवे होते. पुढे ही संख्या ७,७०० करण्यात आली. युवराज सलमान बिन हमद अल खलिफा यांनी स्वतः दंड पुढे केला. नागरिकांबरोबर येथे राहणारे परदेशीही त्या चाचणीत सामील झाले. विश्वास असला की माणसे पुढे येतात, हे त्यातून दिसले.

परंतु तेथे प्रश्न आधीच ठरलेला होता: लस उपयोगी पडते की नाही? मेंदूच्या आजारांत नुसता दंड पुढे करून भागत नाही. त्या आजाराचे पुष्कळसे ज्ञान रुग्णाच्या दिनक्रमात आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या सुनेच्या, मुलीच्या, पत्नीच्या अनुभवात साठलेले असते. तेव्हा कोणता प्रश्न आधी सोडवावा, हे ठरवतानाही त्यांना विचारले पाहिजे.

ब्रिटनमध्ये २००४ साली जेम्स लिंड अलायन्स नावाचा उपक्रम याच हेतूने सुरू झाला. रुग्ण, शुश्रूषा करणारे आणि डॉक्टर एकत्र बसतात आणि संशोधनाने कोणत्या प्रश्नांना अग्रक्रम द्यावा, याची यादी करतात. याच रीतीने केलेली पार्किन्सन्स आजाराची यादी २०१४ साली प्रसिद्ध झाली. आपण या आजाराला कंपवात म्हणतो. म्हणजे नावातच हातांचा कंप आहे. पण यादीत पहिला आला तो तोल जाण्याचा आणि पडण्याचा प्रश्न. दुसरा ताण आणि चिंता यांचा. पाहणाऱ्याला कंप दिसतो. ज्याला रात्री एकट्याने न्हाणीघरापर्यंत जावयाचे असते, त्याला पडण्याचे भय असते.

आता यहुदी समाजातीलच एक उदाहरण घेऊ. क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदूचा दुर्मिळ आणि प्राणघातक आजार आहे. लिबियातून इस्रायलमध्ये आलेल्या यहुदी कुटुंबांत त्याचे प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक असल्याचे १९७४ साली संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हा संशय गेला तो त्यांच्या खाण्यावर. मेंढीचा मेंदू आणि डोळे खाल्ल्याने हे होत असावे, असे मानले गेले. एका समाजाच्या ताटाकडे बोट दाखवले गेले. पुढे, १९९०च्या सुमारास, खरे कारण उघड झाले: वंशपरंपरेने येणारा एका जनुकातील बदल. त्या कुटुंबांनी रक्ताचे नमुने आणि घराण्याची माहिती दिली नसती, तर ते बोट तसेच राहिले असते. कालांतराने बाधित कुटुंबांनी इस्रायलमध्ये स्वतःची संस्था उभी केली आणि ती संशोधकांबरोबर काम करू लागली.

यात एक कठीण प्रश्न दडलेला आहे. आईचा मृत्यू अशा आजाराने झाला, तर तिच्या निरोगी मुलाने आपली तपासणी करून घ्यावी काय? उपचार उपलब्ध नसताना हे जाणून घेणे काहींना आधार वाटेल, काहींना शिक्षा. म्हणून, नमुना देऊनही निकाल न कळवून घेण्याचा अधिकार माणसाला असावा लागतो. असे नियम ठरवताना ज्यांच्यावर ही वेळ आली आहे, त्यांचे मत मोलाचे ठरते.

आपल्यापुढे भाषेचाही प्रश्न आहे. ठाण्याहून, पनवेलहून, अलिबागहून आपले आईवडील काही महिने येथे राहावयास येतात. त्यांची स्मरणशक्ती इंग्रजीत तपासली, तर आजार कोणता आणि भाषेची अडचण कोणती, हे कसे कळणार? हरियाणातील बल्लभगढ येथे १९९०च्या दशकात संशोधकांनी ही अडचण ओळखली. अक्षरओळख नसलेल्या वृद्धांसाठी त्यांनी हिंदी चाचणी नव्याने बेतली. ‘कागदावरील सूचना वाचा आणि तसे करा’ याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’, असे सांगितले गेले. मराठीतही चाचणी अशी बेतावयाची, तर रविवारच्या तारखेपेक्षा शब्बाथ आणि उपासाचे दिवस ज्यांच्या अधिक ध्यानी असतात, त्या आजीला कोणता प्रश्न विचारावा, हे तिच्या घरचेच सांगू शकतील.

२०१६ साली आपल्या बेने इस्रायल समाजाच्या जनुकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या वंशात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही प्रवाह मिळालेले आहेत, असे त्यातून दिसले. त्यासाठी आपल्यापैकी केवळ १८ जणांचे नमुने होते. एवढ्या थोड्या माणसांवरून आपले मूळ शोधता येते. पण आपल्या वृद्धांच्या मेंदूला कोणत्या आजारांचा धोका आहे, हे जाणण्यास पुष्कळ अधिक माणसे लागतील. लहान समाज मोजणीत सहज हरवतो.

तेव्हा उद्या कोणी संशोधक दाराशी आला, तर भिऊ नका आणि घाईने सहीही करू नका. त्याला विचारा: हा प्रश्न कोणी ठरवला? माझी माहिती कोठे राहील आणि कोणाच्या हाती जाईल? मला मध्येच थांबता येईल काय? जे निष्पन्न होईल, ते आम्हाला समजेल अशा भाषेत कोण सांगेल? समाधान झाले, तर अवश्य सामील व्हा. रुग्णाला अजून स्वतः बोलता येत असेल, तर त्याच्या वतीने बोलण्याची घाई करू नका.

दहा माणसे जमल्याशिवाय आपला मिन्यान होत नाही, आणि दहावा माणूस मिळणे किती कठीण असते, हे परदेशात राहणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. त्या दहांत विद्वान आणि अडाणी यांची गणना सारखीच होते. संशोधनाच्या बैठकीतही रुग्णाची गणना व्हावी, एवढीच माझी विनंती आहे. आपल्या घरांतील आजारी माणसांना परमेश्वर आरोग्य देवो, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ देवो.

शालोम.